लोकार्पणाची गाय

आमच्याकडं हल्ली कशाचंही लोकार्पण होतं. हातपंपाचं झालं, स्मशानभूमीच्या पत्र्याचं झालं, आता शुक्रवारी केजच्या मंगल कार्यालयात बैलाच्या जीनोमचं होणार होतं. बैल अंगदरावांचा आणि बटण दाबणारेही अंगदरावच. जीनोम म्हणजे काय, हे त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती.

फ्लेक्स आठ दिवस आधीच लागले. एकीकडं सुलतान, लाल कंधारी जातीचा वळू, गळ्यात झेंडूची माळ. दुसरीकडं अंगदराव, गळ्यात तसलीच माळ. खाली लिहिलेलं, 'गोचीडमुक्त गोठ्याचे शिल्पकार'. शिल्पकार म्हणे! शेण काढायला माझा बाप म्हाळू, आणि शिल्पकार हे.

मी बबिता, पुण्याला प्रयोगशाळेत नोकरीला आहे. जनावराच्या रक्तातून त्याची सगळी जनुकं, म्हणजेच जीनोम, वाचायची, लाखो तुकडे जुळवायचे आणि ते सगळ्या जगासाठी खुलं करायचं, असं ते काम. खुलं करण्याआधी तपासते मी. तुकडा सुटलाय का, दुसऱ्या कशाची भेसळ आहे का, आणि मुख्य म्हणजे जनावर सांगितलंय तेच आहे का. माझी सही झाल्याशिवाय फाईल हलत नाही.

बुधवारी सकाळी तपासायला बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. नराच्या अंगात वाय गुणसूत्र असतं. सुलतानाच्या फाईलमध्ये ते औषधालाही नव्हतं. एक्स मात्र दोन, अगदी ठणठणीत. तीनदा तपासलं. झेंडूच्या माळेतला हा वळू चक्क गाय होता.

प्रयोगशाळेतल्या सरांना फोन केला.

"अगं, बैल काय नि गाय काय, जात एकच ना?" सर म्हणाले. "निमंत्रणं गेलीत आता."

एवढं शिकून ही अक्कल! "सर, तुमच्या पासपोर्टवर बाईंचा फोटो लावू का? घर एकच ना?" असं म्हणून फोन ठेवला आणि तडक गावाकडची, नांदूरघाटची गाडी धरली.

आबा, म्हणजे माझे वडील, अंगदरावांचे सालगडी. त्यांची स्वतःची एकच गाय, मैना, तीही त्याच गोठ्याच्या कडेला बांधलेली. मी विचारलं तसं त्यांनी आधी मागं-पुढं बघितलं.

"रक्त काढाया आलेल्या डाक्टरला सुलतानानं लाथ घातली, बबे. डाक्टर गव्हाणीत चढून बसला. मालक भाईर पत्रकाराला मुलाखत देत हुते. डाक्टर म्हनला, कुठलं बी गरीब जनावर आन. मी मैना धरली. रक्त ते रक्त, म्हनलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिचं नाव नगं सांगूस. कानात बिल्ले मारले तवा गोठ्यातली समदी जनावरं मालकाच्या नावावर चढलीत. मैना जाईल माझी."

लई राग आला. त्या डॉक्टरचा आला, आणि खरं सांगते, आबांचाही आला. पण खोट्यावर सही करायला मी काही अंगदरावांची सालगडी नव्हते. फाईल आणखी एकदा नीट चाळली आणि आबांना घेऊन अंगदरावांच्या बैठकीत गेले.

अंगदरावांनी मैनाच्या नावासकट सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "मंग बिघडलं काय, पोरी? मैना बी माझीच हाय. कानातला बिल्ला बघ." आणि लगेच फ्लेक्सवाल्याला फोन, "बैल काढ, गाय टाक. माळ तीच ठिव." मग आबांकडं वळून, "म्हाळ्या, उद्यापासून मैना म्होरच्या दावणीला बांध."

आबा दाराशी उभे होते. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

मी लॅपटॉप उघडला. "तुमचीच म्हणता ना? बरं झालं. भेसळ तपासताना तिच्या रक्तात गोचीड तापाचे जंतू सापडलेत. फाईलमधून ते मी काढून टाकते, पण काय काढलं ते लिहावं लागतं. जगात कुणालाही वाचता येईल. वर मालकाचं नाव आणि गोठा. तुमचा लिहू?"

अंगदरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. फाटकावरच तो फ्लेक्स होता, गोचीडमुक्त गोठ्याचे शिल्पकार.

"छ्या! आपल्या गोठ्यात असलं काय न्हाई," ते म्हणाले. "म्हाळ्याचीच गाय हाय ती. कुठनं घिऊन आलता काय म्हाईत."

"लिहून द्या."

"कावून?"

"तुमच्या गोठ्याची बदनामी नको म्हणून."

त्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलं, खाली झोकदार सही केली, शिक्काही मारला. त्या सहीनंतर मी फाईलवर माझी सही केली.

शुक्रवारी अंगदरावांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं : मैना, मादी, लाल कंधारी, मालक म्हाळू, नांदूरघाट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय वाचलं ते कुणालाच कळलं नसावं, अंगदरावांनीही वाजवल्या.

त्याच संध्याकाळी आबांनी मैनाचं दावं सोडलं. अंगदरावांच्या सहीचा कागद बंडीच्या आतल्या खिशात होता.

"बबे," वाटेनं ते म्हणाले, "गोचीड तर तिला त्यांच्याच गोठ्यात लागले हुते. सुलतान तर नुसता भरलाय."

"माहीत आहे, आबा."

मागं वळून पाहिलं तर अंगदरावांच्या गोठ्यात फवारणीचा पंप सुरू झाला होता.