मंडळी, उभे राहू या

दादाला समुद्रावर आणायला मी थाप मारली, असं घरचे म्हणतात. साफ खोटं. शब्दच तसा होता, त्याला मी काय करणार?

फोनवर एवढंच म्हणालो, "दादा, आपण दरवर्षी उतरतो ना, त्या घरात एक जुनी पेटी आहे. झाकण उघडत नाही, आतून चूं नाही की चां नाही. मालक म्हणतो, फेकून देतो."

दादा हार्मोनियम दुरुस्त करतो. कुणी पेटी फेकतंय म्हटलं की त्याला पोटचं पोर उघड्यावर टाकल्यासारखं होतं. शनिवारी दुपारी स्वारी दारात हजर. कपड्यांची पिशवी एवढीशी, हत्यारांची ही एवढी.

"कुठंय पेटी?"

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि बर्फाची पेटी दाखवली. निळी, मासे ठेवायची, बिजागरी गंजलेली.

त्यानं पेटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मागून आई म्हणाली, "पन्नाशी आली मेल्याची, माकडचेष्टा काही जात नाहीत."

"मी पेटीच म्हणालो, आई. सूर जुळवायचेत असं म्हणालो का?"

दादा हसला नाही. पण परतही गेला नाही. फतकल मारून बसला, बिजागरीला तेल घातलं, झाकणाची दोन-तीनदा उघडझाप केली, कान लावला आणि म्हणाला, "हिचा 'सा'च उतरलाय."

माझी बायको एकदम ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. कांदा वगैरे काही चिरत नव्हती. वहिनी गेल्यापासून दादाच्या तोंडून गमतीचा शब्द आलाच नव्हता.

वहिनी गेली आणि दादा चर्चला यायचा बंद झाला. जो माणूस गायनात खालचा सूर असा धरायचा की बाकीच्यांनी खुशाल त्यावर घर बांधावं, तो रविवारी घरात. पाळक दोनदा जाऊन आले. दादानं त्यांना चहा पाजला, त्यांच्या छत्रीची काडी नीट करून दिली, बोलला काही नाही. सगळे म्हणाले, प्रभूवर रुसलाय. मलाही तसंच वाटायचं. माझा धंदा किल्ल्या बनवायचा. लोकांची हरवलेली, अडकलेली, बायकोनं आतून लावलेली कुठलीही कुलपं मी उघडतो. सख्ख्या भावाचं तोंड मात्र उघडेना.

म्हणून हा पेटीचा घाट. सुट्टीवर असलो तरी आमचा रविवार चुकत नाही. सकाळी वाळूत चटया टाकायच्या, आईनं शास्त्रपाठ वाचायचा, एक गीत, प्रार्थना, मग नाश्ता. जाणारे-येणारेही बसतात. मागं एक आइस्क्रीमवाला गाडी लावून शेवटपर्यंत बसला होता. सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाला आणि आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम खपवून गेला. मला एवढंच हवं होतं की दादानं एकदा, एकदाच, आमच्यात बसून गावं. त्याचा तो खालचा सूर ऐकायला कान आसुसले होते.

रात्री जेवताना तो म्हणाला, "बसेन मी सकाळी. पण मला काही बोलायला लावू नका."

झालं! मला काय आनंद! आणि मला आनंद झाला की माझ्या अंगात कुणीतरी येतं. त्या सकाळी अंगात पाळक आले. चटईसमोर उभा राहिलो, पोटावर हात बांधले, मान तिरकी केली आणि अगदी त्यांच्या त्या नाकातल्या आवाजात म्हणालो,

"मंडळीऽऽ, उभे राहू या!"

माझी लेक चिमणी, कॉलेजात जाणारी घोडी, वाळूत लोळली. आईनं हसू लपवायला टोपी तोंडावर ओढली. दादा उठला. मला वाटलं, गीतासाठी. तो आमच्याकडे पाठ करून चालायला लागला, तो थेट पाण्यात.

"जा आता," बायको म्हणाली. "घातलात ना गोंधळ?"

मी मागोमाग गेलो. दादा घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता, पँट न दुमडता.

"दादा, चुकलं रे. नक्कल पाळकांची होती. प्रभूची थट्टा नव्हती."

"प्रभूचं काय घेऊन बसलास? त्याच्याशी मी रोज बोलतो. भाता शिवताना, पट्ट्या घासताना. तो ऐकतोही."

"मग चर्चला का येत नाहीस?"

एक लाट आली, गेली.

"मी तिला घरात काय हाक मारायचो?"

ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाकीचे नवरे पाहुण्यांपुढे मिशीत हसत म्हणतात, आमची मंडळी माहेरी गेलीय. दादाला तेच नाव सरावाचं झालं होतं. मंडळी, चष्मा कुठंय? मंडळी, दार लावून घे.

"पाळक 'मंडळी' म्हणाले की ती उठायची," दादा म्हणाला. "बाकीचे 'उभे राहू या' ऐकून उठायचे. आठवतंय?"

आठवत नाही कसं? अख्ख्या चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी एक बाई ताडकन उभी. मी चिडवायचो, वहिनी, वर पुढची जागा धरायचीय का? ती म्हणायची, "हाक आली की उठायचं, भाऊजी. वाक्य पुरं व्हायची वाट कोण बघत बसतो?"

"ती गेल्यावर पहिल्या रविवारी आलो होतो मी. पाळक म्हणाले, मंडळी. मी शेजारी बघितलं." दादानं पाण्यात पाय हलवला. "मग उठले सगळे. सगळी मंडळी उठली. माझी सोडून."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

"पाळकांना सांगू का? दुसरा शब्द वापरा म्हणून?"

"येडा आहेस का? तो शब्द ऐकायलाच तर यावंसं वाटतं. दर रविवारी बूट घालतो. मग काढतो."

मागं खुसपूस झाली म्हणून वळलो. आमचं सगळं बिऱ्हाड चटया ओढत पाण्याजवळ आलं होतं. सगळ्यांच्या चपला चिमणीच्या कडेवर. एक माझी खाली पडलेली, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

आईनं बसकण मारली. "लाटेत भिजलो तर भिजलो. माझे गुडघे आता परत वर चालायचे नाहीत. थोरल्या, सुरुवात तू कर."

दादा पाण्यातून आला आणि चटईवर बसला. डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. माझी बायको तिकडे सरकायला लागली, चिमणीनं तिचा हात धरून मागं ओढलं.

"मंडळी," दादा म्हणाला.

पाळकांच्या आवाजात नाही. चष्मा कुठंय विचारतात, त्या आवाजात. आणि थांबला. गुडघ्यावर हात टेकून एका बाईला उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढा थांबला. अशी फट दिसली की मी तिच्यात काहीतरी कोंबतोच. त्या दिवशी जीभ दातांखाली धरली. आम्ही सगळे चटईच्या त्या रिकाम्या तुकड्याकडे बघत होतो. लाट आली, त्याची कड भिजवून गेली.

"उभे राहू या."

आम्ही उठलो. आईसुद्धा, गुडघ्यांसकट. दादा सगळ्यांत शेवटी. बायकोनं गीत धरलं आणि दुसऱ्या ओळीला खालून तो सूर आला, गंजलेला, पण जागेवर.

माझी चप्पल लाटेबरोबर आत चालली होती. दिसत होती मला. गीत संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.