राणीची खुर्ची

"मोबाइल बंद करा, नाहीतर घुमटात एकही तारा दिसायचा नाही," दारावरच्या बाईने रोजच्यासारखं बजावलं, पडदा ओढला आणि स्वतःचा मोबाइल मात्र चालूच मुठीत धरून ठेवला.

तारांगणात दुपारचा खेळ सुरू झाला.

टेप: हे शर्मिष्ठेचे पाच तारे. ग्रीक लोक हिला राणी कॅसिओपिया म्हणत.

तिकडे गोदीत बाईची लेक आता पाण्यात उतरली असेल. जहाजाच्या पंख्यात दोर अडकलाय. तो सोडवायला आधी उतरलेला पाणबुड्या इस्पितळात आहे; मुकादमाने हे सांगितलं तेही लेक घरातून निघाल्यावर.

टेप: राणीने बढाई मारली, माझी मुलगी समुद्रकन्यांहून सुंदर. समुद्रदेव खवळला.

दर खेळाला बाई इथे हसायची. मशीनवाल्या काकांना म्हणायची, "काय ही बया, जिभेला हाड म्हणून नाही."

आणि रविवारी मुकादम खेळ बघायला आला, माणूस मिळत नाही म्हणून रडला, तेव्हा हिने स्वतः काय केलं? "माझ्या लेकीला न्या. तिच्याएवढा दम तुमच्या एका तरी पाणबुड्यात आहे का? समुद्राने तिला हात तर लावून दाखवावा."

टेप: शेवटी आईबापांनीच मुलीला खडकाला बांधलं. समुद्रातून राक्षस निघाला.

सकाळी लेकीच्या कमरेचा पट्टा हिनेच आवळला होता.

"आई, घट्ट होतोय."

"असू दे."

टेपमधला वीर वेळेवर येतो, राक्षसाला मारतो. गोदीत कोण येणार होतं?

मुठीत मोबाइल थरथरला. पडदा चाचपत ती बाहेर आली. लेकीचा नाही, मुकादमाचा नंबर. तिने फोन कानाला लावला.

"मावशी, सुटला दोर. पोरगी वर आली, चहा पितेय."

बाई भिंतीला टेकली.

"उद्या दुसरं जहाज आहे, याहून खोल. सगळे म्हणतात तिलाच उतरवा. तुम्हीच म्हणालात ना, तिच्यासारखं कुणी नाही?"

"नाही हो," बाई म्हणाली. "मी आपली उगाच बोलून गेले. पहिल्यापासून भित्री आहे ती. आज कसं निभावलं कोण जाणे. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

पलीकडून लेकीचा आवाज आला, अगदी सावकाश.

"आई, स्पीकर चालू आहे. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत."

लेकीने फोन ठेवला. बाई आत आली.

टेप: शिक्षा म्हणून राणीला खुर्चीत बसवून आकाशात ठेवलं. अर्धी रात्र ती उलटी लटकते.

अंधारात लोक हसले. बाईने दाराजवळचं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि दोन्ही हातांनी त्याच्या कडा घट्ट धरल्या.