शेवटच्या पानाची जागा

मित्रांनो, माझं अंग झाडाच्या सालीचं आहे. ती साल दूर पोर्तुगालच्या उन्हात वाढली. मग कुणी ती दळली, दाबली, लाकडी चौकटीत बसवली आणि मी बुचाचा फळा झालो. पाच फूट उंच, आठ फूट लांब. आता मी जुना झालो आहे.

अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या एका लहान कारखान्यात मी राहतो. इथे सैन्यासाठी रेडिओ बनतात. सरकारला काही हवं असलं की मागणीपत्र निघतं, आणि ते काम मिळवायला कारखाने प्रस्ताव पाठवतात. आमचे प्रस्ताव व्हर्ना टिडवेल सांभाळतात. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच मला भिंतीवर लावलं. प्रस्तावाचं पानन् पान त्या माझ्यावर ओळीने टोचत. मग निवृत्त अधिकारी येऊन सरकारचं सोंग घेत आणि लाल पेनांनी त्या पानांची चिरफाड करत. “हा फळा कुणाची भीड ठेवत नाही,” असं त्या नव्या माणसांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे संगणकाचे मोठे पडदे आले. “व्हर्ना, कागद टोचायला ही काय शाळा आहे?” मालक कर्नल रॅग्सडेल म्हणाले. माझी रवानगी स्वयंपाकघराजवळच्या बोळात झाली. हरवलेल्या मांजरांच्या चिठ्ठ्या अंगावर घेऊन मी सहा वर्षं काढली.

मग बर्फात हरवलेल्या सैनिकाला शोधणाऱ्या रेडिओची मागणी निघाली. आमच्या डेस्मंड ओक्स या इंजिनियरने पाच हिवाळे अलास्कात काढून तसा रेडिओ तयार केला होता. हे काम मिळालं नसतं, तर नाताळाच्या आत अडतीस माणसांचा कारखाना बंद पडणार होता. प्रस्तावाला मर्यादा पन्नास पानांची. पन्नासच्या पुढचं पान सरकार न वाचताच काढून टाकणार. थंडीतल्या चाचण्यांचे आकडे डेस्मंडने शेवटच्या पानावर मांडले होते.

दुपारी दोनच्या आत प्रस्ताव पोचायचा होता. सकाळी दहाला व्हर्नाबाईंनी गोड चहाचा गार पेला खाली ठेवला. “सगळं छापा. मला भिंतीवर बघायचंय.”

“व्हर्नाबाई, पडद्यावर पन्नास दिसतायत की!” डेस्मंड म्हणाला.

“पगार पडद्याला नाही, मला मिळतो. टाचण्या आण.”

माझ्यावरची मांजरं उतरली. दहा-दहा पानांच्या पाच रांगा लागू लागल्या. पण डेस्मंडचं शेवटचं पान हातातच राहिलं. माझ्यावर जागाच उरली नव्हती! तिसऱ्या रांगेत नकाशाचं घडीचं पान होतं. उलगडल्यावर त्याने दोन जागा घेतल्या होत्या.

व्हर्नाबाईंचा चेहरा पांढरा पडला. “आठ दिवसांपूर्वी सरकारचं दुरुस्तीपत्र आलं होतं. घडीचं पान आता दोन पानं धरणार. मीच वाचलं, मीच सही केली, आणि मोजणी मात्र बदलली नाही. माझीच चूक.”

“म्हणजे माझं पान फेकणार? पाच हिवाळे, व्हर्नाबाई! नाकाचा शेंडा काळा पडला होता माझा!”

व्हर्नाबाईंचं बोट रांगांवरून फिरत चौथ्या पानावर थांबलं. तिथे पानभर कर्नलसाहेब रणगाड्यावर उभे होते.

“ए, तो फोटो चौदा प्रस्तावांत गेलाय!” मागून खुद्द कर्नलसाहेब गरजले.

“आणि जिंकलो किती, कर्नल?”

“...तीन.”

“बर्फात हरवलेला माणूस हा फोटो बघून वाचणार आहे का?”

कर्नलसाहेबांनी मिशी चोळली. मग पुढे होऊन टाचणी स्वतःच काढली. “घे रे डेस्मंड. तुझं थोबाड माझ्यापेक्षा बरं नाही, पण तुझे आकडे बरे आहेत.”

पानांचे क्रमांक पुन्हा जुळवले गेले. एक वाजून दहा मिनिटांनी प्रस्ताव गेला.

ऑक्टोबरमध्ये पत्र आलं. काम आम्हाला मिळालं होतं! निर्णयाचं मुख्य कारण म्हणून शेवटच्या पानावरच्या चाचण्यांचा उल्लेख होता. कारखान्यातून अडतीस माणसं ओरडत धावत आली. डेस्मंडने व्हर्नाबाईंना उचलूनच घेतलं. “खाली ठेव, गाढवा!” म्हणत त्या डोळे पुसत होत्या. कर्नलसाहेबांनी हातोडा मागवला, एक घाव स्वतःच्या अंगठ्यावर घातला आणि मला मोठ्या खोलीत परत लावलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावरची टाचणी ओरबाडू नका, हलकेच फिरवून काढा. आणि आपलं काम कुणाच्या हाती देण्याआधी ते समोर मांडून एकदा नीट पाहा. काल व्हर्नाबाई नव्या प्रस्तावाचं पहिलं पान घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा टाचणी कर्नलसाहेबांनीच पुढे केली.