ग्रेगोरियाच्या हातचा ओकोपा

ग्रेगोरियाला पुरून नऊ दिवस झाले, त्यानंतरच्या सोमवारी साबिनाने खानावळीचं दार उघडलं, खानावळ चालू असल्याची खूण म्हणून बाहेरच्या काठीला लाल बावटा बांधला आणि ती ओकोपा, उकडलेल्या बटाट्यांबरोबर खायची दाट तिखट चटणी, वाटायला उभी राहिली.

बहीण गेली म्हणून तिने नऊ दिवस चूल बंद ठेवली याचं अरेकिपा शहराजवळच्या साचाका गावात कौतुकच झालं. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "शेवटी एका आईच्या पोटच्या," असं बाजारातल्या बायका म्हणाल्या, तेव्हा साबिनाने मान खाली घातली. बायकांना वाटलं, दुःखाने घातली.

वाटण तिच्या हाडात मुरलेलं होतं. भिजून फुगलेल्या सुक्या मिरच्या, भाजलेला कांदा-लसूण, शेंगदाणे, नदीतल्या कोळंबीची भाजलेली डोकी आणि वाकातायचा पाला. वाकाताय म्हणजे झेंडूचीच चुलतबहीण, तिचा उग्र वास दोन दोन दिवस बोटं सोडत नाही. हे सगळं बतानवर बारीक करायचं, मग ताजं चीज घालायचं, मग दूध ओतत ओतत साईसारखं दाट करत न्यायचं. उकडलेला बटाटा त्यात बुडवून वर काढला की अंगावर गुळगुळीत पिवळट-हिरवा थर चढला पाहिजे. जीभ आधी गार व्हायला हवी आणि मग पेटायला हवी.

बतान तिच्या आईच्या वेळचं होतं. ओट्यावर बसवलेला काळा रुंद दगड आणि त्यावर अर्ध्या चंद्रासारखा जड वरवंटा. तो घासायचा नाही, दोन्ही हातांनी डोलवायचा. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, आणि साबिनाचा हात थांबला.

तिला वाटलं, मिरचीचं देठ अडकलं असेल. तिने बोटाने चाचपलं, काही नव्हतं. पुन्हा सुरुवात केली. तीन झोके झाले आणि हात पुन्हा थांबला, एक श्वास घेण्यापुरता, मग आपसूक चालू लागला.

तीन झोके आणि एक थांबा, असं या घरात एकच बाई वाटायची. तरुणपणी चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, भरला रांजण उचलून पायऱ्या उतरताना ग्रेगोरिया पडली होती. उजवा खांदा निखळला, गावच्या हाडवैद्याने तो वाकडाच बसवला. तेव्हापासून तिसऱ्या झोक्याला खांदा कळ मारायचा आणि ती थांबायची.

साबिनाने दात आवळून वरवंटा रेटला. तो रेटला जाईना. कोणीतरी पलीकडून हात ठेवल्यासारखा तिथेच बसून राहिला, आणि त्याला वाटलं तेव्हा हलला.

बारा वाजता माणसं यायला लागली. सगळ्यांत आधी इलारियो आला. चाळीस वर्षं त्याने खाणीत पांढरा दगड फोडला होता, त्या धुळीने आणि उन्हाच्या तिरिपीने त्याचे डोळे गेले होते. भिंतीला हात लावत तो नेहमीच्या बाकावर बसला. आत साबिना दुसरं वाटण काढत होती. थोडा वेळ तो ऐकत राहिला, मग हाक मारून म्हणाला, "काय गं, ग्रेगोरिया आली का कामावर परत?"

साबिना हात पुसत बाहेर आली. "काका, शुद्धीवर आहात ना? तिला नेलं तेव्हा पेटीला हात लावून तुम्हीही चालत होतात."

"मेली ते ठाऊक आहे मला. म्हणून तर विचारतोय."

"माझा खांदा दुखतोय जरासा. बाकी काही नाही."

"तुझा खांदा?" इलारियो म्हणाला. "तुझा कधी दुखत होता?"

तिने त्याच्यापुढे बटाटे आणि ओकोपाची वाटी ठेवली. त्याने एक फोड बुडवून तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि शेजारी बाकावर ठेवली.

तो गेल्यावर साबिनाने वाटीतलं उरलेलं बोटावर घेऊन चाटलं. कांदा जवळजवळ काळा होईपर्यंत भाजलेला होता. ती स्वतः कांदा सोनेरी झाला की उतरवायची, आज सकाळीही तसाच उतरवला होता. वाटण जरा भरड होतं, कडवट कडा होती आणि ती जिभेच्या मागे रेंगाळत होती. अकरा वर्षांत ती चव या खानावळीत आली नव्हती.

पुढचा सगळा आठवडा असाच गेला. तिने मोठ्याने अंक मोजून पाहिले, रेडिओ कानठळ्या बसेपर्यंत वाढवून पाहिला, जपमाळ म्हणत वाटलं. तीन झोक्यांनंतर मणी बोटांत थांबायचा, तोंडातला शब्दही थांबायचा. खांदा आता खरोखर ठणकायला लागला होता. अरेकिपाच्या डॉक्टरने फोटो काढले आणि म्हणाला, "बाई, तुमचा खांदा तरण्या पोरीसारखा आहे." गिऱ्हाइकं मात्र वाट्या बटाट्याने पुसून घेत होती. "साबिनाबाई, हात बसला हो आता तुमचा," असं एक गाडीवान म्हणाला, तशी तिने त्याच्या हातातली वाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

कारण तिला माहीत होतं, बहीण कशाला आली आहे.

भांडण सुरू झालं ते एका वाक्यावरून. शहरातून वर्तमानपत्राचा माणूस जेवायला आला होता. ओकोपा खाऊन त्याने विचारलं, "हा कोणी वाटला?" आणि साबिना म्हणाली, "मी." आत बतानपाशी उभ्या असलेल्या ग्रेगोरियाने ते ऐकलं. तिने एप्रन सोडला, घडी करून वरवंट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने गेली. पेपरात साबिनाचा फोटो आला. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटचं मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. गेल्या महिन्यात ग्रेगोरियाची मुलगी नेलिदा दारात येऊन उभी राहिली होती. "आई अंथरुणाला खिळली आहे. अन्न जात नाही. तुमच्या हातचा ओकोपा हवा म्हणते." साबिनाच्या मागे टेबलावर ताज्या ओकोपाचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं. का कोण जाणे, अकरा वर्षांचं कडू एकदम घशाशी आलं आणि ती म्हणाली, "संपला आजचा." नेलिदा निघून गेली. चार दिवसांनी चर्चची घंटा वाजली.

दुसऱ्या शनिवारी दुपारी, गर्दी सरल्यावर साबिनाने वाटीभर ओकोपा आणि चार बटाटे फडक्यात बांधले आणि ती वरच्या आळीचा चढ चढू लागली. मिस्ती डोंगर स्वच्छ उन्हात उभा होता. तीन पावलं टाकली की तिला थांबावं लागत होतं. चढामुळे असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

नेलिदाने दार उघडलं. काळे कपडे, डोळे खोल गेलेले. मावशीला पाहून ती बाजूलाही झाली नाही.

"काय काम काढलंत?" लहानपणी ती मावशीला अगंतुगं करायची.

"आत येऊ दे. सांगायचंय."

आत पलंग अजून तसाच होता. पलंगाच्या उशाशी एक खुर्ची मांडलेली होती. साबिना तिच्यावर बसायला गेली तशी नेलिदा पटकन म्हणाली, "तिथे नको." साबिना उभीच राहिली.

"त्या दिवशी तू आलीस ना," ती म्हणाली, "तेव्हा ओकोपा संपला नव्हता, नेलिदा."

"माहीत आहे मला."

"काय?"

"भांडं दिसत होतं तुमच्या मागे. वाकातायचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आंधळी नाहीये मी."

साबिनाने विचारलं, "मग आईला सांगितलंस?"

नेलिदा खिडकीकडे पाहत राहिली. "नाही सांगवलं. म्हटलं, मावशी वाटतेय. मावशी म्हणाली, पाठवायचा कशाला, मीच घेऊन येते."

साबिनाने फडक्याची गाठ घट्ट धरली.

"मग आईने केस विंचरून घेतले," नेलिदा सांगू लागली, आणि सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "ही खुर्ची मांडायला लावली. दूध दिलं तर नको म्हणाली, पोटात जागा ठेवते. पहिल्या दिवशी म्हणाली, मिरच्या भिजायच्या असतील. दुसऱ्या दिवशी म्हणाली, गर्दी असेल, शुक्रवार आहे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आई, मीच जाऊन बघते. तर म्हणाली, घाई करू नकोस तिला, चढ आहे. चौथ्या दिवशी दार वाऱ्याने वाजलं. तिने मान वळवली, आणि तशीच राहिली."

साबिनाची नजर रिकाम्या खुर्चीवर गेली.

"खोटं तुम्ही बोललात एका वाक्याचं," नेलिदा म्हणाली. "मी चार दिवस बोलले. तुमच्याकडे ती कशी येते मला माहीत नाही. पण येतच असेल. तुमचं तोंडच सांगतंय. माझ्याकडे दार वाजतं. उघडलं की कोणी नसतं, आणि मग मीच उभी राहते वाट बघत."

साबिनाने फडकं सोडून वाटी पलंगाशेजारच्या तिवईवर ठेवली. नेलिदाने तिच्याकडे पाहिलं, मग बटाट्याचा एक तुकडा मोडला, वाटीत बुडवला आणि खाल्ला. तिचा चेहरा आक्रसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती भिंतीला टेकली आणि रडली. साबिना पुढे झाली तशी तिने हात वर करून अडवलं.

"जा आता. वाटी राहू दे."

सोमवारी खानावळ भरलेली असताना साबिना मधोमध उभी राहिली आणि तिने ती दोन्ही खोटी वाक्यं सांगून टाकली, पेपरवाल्याला बोललेलं आणि नेलिदाला बोललेलं. काहीजण खाली बघू लागले. बाजारातल्या एका बाईने चमचा खाली ठेवला, पैसे टाकले आणि ती निघून गेली. ती पुन्हा कधी आली नाही. इलारियो एवढंच म्हणाला, "बस जरा. पाय लटपटतायत तुझे, जमिनीवर ऐकू येतंय."

साबिनाला वाटलं होतं, आता हात मोकळा होईल. तो झाला नाही. तीन झोके, एक थांबा. जून गेला, जुलै गेला. तिथली थंडी याच महिन्यांतली, तिच्यात खांदा जास्तच ठणकायचा. तिने वरवंटा रेटणं सोडून दिलं. हात थांबला की तीही थांबायची, आणि पुन्हा हलेपर्यंत डोळे मिटून उभी राहायची. कधीकधी त्या थांब्यात तिला आपल्या मानेवर कोणाचा तरी श्वास जाणवायचा. तो राग होता की दमणूक, हे तिला कळायचं नाही. विचारायचं धाडस होत नव्हतं.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी नेलिदा आली. थेट चुलीपाशी गेली, टोपलीतले उकडलेले बटाटे पुढ्यात ओढले आणि सोलू लागली. साबिना वाटत होती. थांबा आला तसे नेलिदाचे हातही थांबले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

"मीठ कमी पडतंय, मावशी," थोड्या वेळाने नेलिदा म्हणाली. "चाखून बघ."

साबिनाने चाखलं. मीठ खरंच कमी होतं. तिने चिमूट सोडली आणि बाहेर कोणीतरी पाण्यासाठी हाक मारत होतं, म्हणून नेलिदा तांब्या घेऊन उठली.