बावीस पायऱ्यांचे दिवे

भाच्यानं घरापुढच्या पायऱ्यांना दिवे बसवायचं काढलं, तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. रस्त्यापासून दारापर्यंत काँक्रीटच्या बावीस पायऱ्या, वर सिमेंटची लांब वाट. तीस वर्षांत तिथं दिवा हवा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आणि हा भाचा तर एकाच चपलेला तीनदा टाके घालून वापरणारा. घर विकायला काढलंय, दुसरं काय? गिऱ्हाइकाला भुलवायला ही रोषणाई.

वायरमन आला त्या दिवसापासून आत्यानं दारात खुर्ची टाकली. तो कटरनं पायरीच्या उभ्या अंगात झिरी पाडी, केबल आत दाबी आणि वरून सिमेंटनं लिंपून घेई. दिवे तळहातात मावतील एवढे. पावसात पायऱ्या ओल्या होणार, तिथं विजेचं काम कसं, म्हणून तिनं हटकलं. ट्रान्सफॉर्मर घरात आहे, बाहेर येते ती फक्त बारा व्होल्टची वीज, ओल्या हातालाही धक्का बसायचा नाही, असं त्यानं सांगितलं. उत्तर पटण्याजोगं होतं, म्हणून तिला तो आणखीच बनेल वाटला.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली. शोभेला एकाआड एक पायरी पुरली असती. इथं एकही सुटत नव्हती, शिवाय प्रत्येकीच्या कडेला पांढरी पट्टी. तिनं खोदून खोदून विचारलं. वायरमननं नजर चुकवली. साहेबांनी कुणाशी बोलू नका म्हणून बजावलंय, एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

आत्यानं भाचेसुनेला गाठलं. तीही धास्तावलेलीच होती. भाचा शहराची बस चालवायचा. हल्ली तो संध्याकाळची पाळी टाळायचा, अंधाराच्या आत घर गाठायचा, कुणाकडे जेवायला जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखायचं. डेपोत काहीतरी लफडं करून बसलाय, अशी तिची समजूत.

चौथ्या दिवशी काम संपलं. दिवेलागणीला सगळे दिवे लावून बघायचे होते. भाचा खाली फाटकाशी उभा होता, वायरमन वर बटणापाशी. आत्या वायरमनला म्हणाली, "जरा बंद करा बघू. फरक कळू दे."

दिवे विझले. आभाळात अजून उजेड होता, आत्याला पायरी न् पायरी दिसत होती. भाचा मात्र जागीच थिजला. तिनं हाक मारल्यावर निघाला, पण कडेच्या भिंतीवर तळवा टेकून, पायाच्या अंगठ्यानं पायरी चाचपत. सातव्या पायरीवर अडखळला आणि गुडघ्यावर आला.

वायरमननं कुणी न सांगता दिवे लावले.

आत्या उतरून गेली, त्याच्या शेजारी बसली.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. दिवसा ठीक दिसतं. अंधारलं की काहीच नाही."

"आणि बोगद्यात? भर दुपारी भरून आलं तर? गाडीत पन्नास माणसं असतात रे."

तो गुडघा चोळत राहिला. "स्टिअरिंग सुटलं तर मला दुसरं काय येतं, आत्या?"

आपण काय काय संशय घेतला ते सांगावं असं तिला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या गाडी काढायची नाही. डेपोत मी येते बरोबर. तू नाही बोललास तर मी बोलेन."

डेपोत तो स्वतःच बोलला, तिच्याकडे न बघता. डॉक्टरांनी तपासलं, गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली जपायची होती. डेपोनं त्याला वेळापत्रकं आखायच्या टेबलावर बसवलं. महिनाभर तो आत्याशी कामापुरतंच बोलायचा. भाचेसून दोघींचा चहा घेऊन तिच्याजवळ येऊन बसायची.

मग एका संध्याकाळी कामावरून आल्या आल्या त्यानं आत्यापुढे एक कागद धरला. अकरा नंबरच्या बसच्या ड्रायव्हरला आता जेवायला पुरती वीस मिनिटं मिळतात, म्हणाला, ती आपण काढून दिली. आत्यानं चष्मा लावला आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. तिला ओ की ठो कळलं नाही. तरी तिनं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून समजावून सांगायला लावलं.