चौथा थोडा उशिरा

"चारही एकदम उठतात," भिवा म्हणाला. "शाळेतली पोरं कवायतीला उठतात, तशी."

लेझरवाले चंदूसाहेब कॉम्प्युटरवरची नजर न हलवता म्हणाले, "एकदमच उठायला पाहिजेत, दादा. त्यालाच सिंक्रोनाइज म्हणतात."

शब्द नवा होता, आणि नवा शब्द समोर आला की गप्प बसायची भिवाची सवय जुनी होती.

१९९४ साल. मानपाड्याच्या मैदानावर गणपती बसायला एक दिवस उरला होता. मंडळाचं पंचविसावं वर्ष म्हणून अध्यक्ष गुणाजीशेठनी मुंबईहून चार लेझर मागवले होते. भिवा दिवसा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वायरमन होता आणि गेली वीस वर्षं या मंडळाची रोषणाई करत होता. यंदा मात्र त्याच्या वाट्याला फक्त रस्त्यावरची कमान आली होती. तसं त्याला कुणी तोडून बोललं नव्हतं. गुणाजीशेठ एवढंच म्हणाले होते, "भिवा, आत ते साहेब बघतील. तू कमान घे." भिवाने मान हलवली होती. पण कारखान्यात रजा टाकून, कमानीचं काम दुपारीच उरकून तो मैदानात आला, तो संध्याकाळ झाली तरी हलला नव्हता.

कारण ते किरण. मैदानाच्या मागच्या बाजूला बांबूची परांची होती, तिच्यावर चार पेट्या ओळीने बसवल्या होत्या. धूर सोडला आणि पेट्या सुरू झाल्या, तशा चार हिरव्या काठ्या अंधारातून आरपार गेल्या. इतक्या सरळ, की गवंड्याच्या ओळंब्याने लाजावं. भिवाने आयुष्यभर बल्ब लावले होते. बल्बचा उजेड पातेल्यातल्या दुधासारखा. ओतला की पसरतो. हा उजेड पसरतच नव्हता. कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने एका काठीत तळहात धरला. तळहातावर हिरवा ठिपका पेटला, आणि लागलं काहीच नाही. तो बराच वेळ हाताकडे बघत राहिला.

तरीही काहीतरी चुकत होतं. चारही किरण एकदम उठत, एकदम पंख्यासारखे पसरत, एकदम मिटत. पहिल्यांदा कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा टाळ्या कमी झाल्या. तिसऱ्यांदा गुणाजीशेठ म्हणाले, "झालं? का अजून काय करतात हे?"

चंदूसाहेबांचा चेहरा उतरला. तिशीचा माणूस, चष्मा सारखा नाकावर चढवत होता.

"साहेब," भिवा हळूच म्हणाला, "पहिला उठल्यावर दुसऱ्याने जरा थांबायचं. मग तिसऱ्याने. असं नाय जमणार?"

"जमतं की. त्याचा वेगळा बॉक्स येतो, परदेशात. प्रत्येक मशीनला वेगळा उशीर देतो. आमच्याकडे नाही. आमचा एकच सिग्नल आहे आणि तो चौघांना एकाच वेळी मिळतो."

"मग तो सिग्नल माझ्या रोलरवरनं काढा."

रोलर म्हणजे भिवाची सारी विद्या. हातभर लांबीचा लाकडी रूळ, त्यावर खिळ्यांनी ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या. मोटर रूळ फिरवी, वरून पत्र्याच्या जिभल्या टेकलेल्या असत, आणि ज्या जिभलीखाली तांबं येईल तिची माळ पेटे. पट्ट्या एका रेषेत ठोकल्या तर सगळ्या माळा एकदम लागत. थोड्या मागेपुढे ठोकल्या की दिवे धावत. धावणारं खरं तर काहीच नसे. प्रत्येक दिवा आपल्या जागी उभा राहून फक्त आपली पाळी येईपर्यंत थांबत असे.

हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्याचा बाप पंढरी खाडीकाठच्या मिठागरात काम करायचा. भरतीला बाप उघाडी, म्हणजे बांधातलं दार, वर उचली आणि पाणी पहिल्या वाफ्यात शिरे. तो भरला की बांधावरून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. मावळतीचं ऊन एकेका वाफ्यात पेटत जाई. सात वर्षांचा भिवा बांधावर बसून ते बघत राही. सगळे वाफे एकदम भरले असते तर ते नुसतं पाणी दिसलं असतं. एकामागून एक भरत, म्हणून वाटे, कुणीतरी सोन्याच्या पावलांनी घराकडे येतंय.

चंदूसाहेब रोलर बघून आधी हसले. मग हसायचे थांबले. "पण दादा, सिग्नल नाजूक असतो. तुमच्या तांब्यावर हा काळा थर आहे. त्यातून जाणारच नाही."

"घासून आणतो."

गुणाजीशेठनी दोघांकडे आलटूनपालटून पाहिलं. "उद्या सात वाजता मना दाखवा. बरं दिसलं तर ठेवा, नायतर कवायत तं कवायत. आरतीला आमदार येनार हायेत, भिवा. माजी शोभा करू नको."

घरी आल्यावर भिवाने पाण्यात भिजवलेली चिंच घेतली आणि चुलीतली राख. अंगणात बसून तो एकेक पट्टी घासू लागला.

बायजा, त्याची बायको, ओटीवर बसली होती. तीन दिवसांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यावर हिरवं फडकं. उजवा डोळा तसाही अधूच. गर्दीत जायचं नाही, प्रखर उजेड बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"चिंचंचा वास येतंय. कं चाललंय?"

"रोलर घासतो. लेझरला लावायचाय."

"लेझरला?" बायजा हसली. "त्या इमानाला बैलगारीचा चाक लावतंस?"

"लागला तर लागला."

तिने फडक्याची कड सारखी केली. मग म्हणाली, "मी नाय तं तुना सांगल कोन?"

"काय सांगायचंय?"

"कसा दिसतंय त्ये."

"यंदा साहेब आहेत सांगायला," भिवा म्हणाला आणि घासत राहिला. तिच्या बोलण्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. हीच त्याची चूक झाली.

चार पट्ट्या त्याने नव्याने ठोकल्या. पहिली, मग दोन बोटं सोडून दुसरी, मग दोन बोटं सोडून तिसरी. चौथी ठोकताना हात थांबला. ती त्याने साडेतीन बोटांवर ठोकली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला गणपतीची सुट्टी होती. संध्याकाळी रोलर घेऊन तो मैदानावर आला. चंदूसाहेबांनी वायरी जोडून दिल्या. परांचीच्या मागे ताडपत्री होती, तिच्यामागे दोघं बसले. गणपतीची मूर्ती मैदानाच्या एका टोकाला, पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला. उजेड टाकीकडून निघावा आणि चालत देवापाशी जावा, अशा बेताने भिवाने टाकीकडच्या पेटीला पहिला नंबर दिला होता आणि देवाजवळच्या पेटीला चौथा.

सात वाजता त्याने मोटर सुरू केली. रूळ फिरला. वरच्या पेट्यांत किरण सोडणाऱ्या झडपा होत्या, त्यांचा आवाज आला. खट, खट, खट... आणि जरा थांबून, खट. भिवाने डोळे मिटून तो आवाज ऐकला. बरोबर होता.

पलीकडे टाळ्या नाहीत. कुजबुज.

मग ताडपत्री सारून गोदूबाई आत आली. बायजाची वयाने मोठी, जिवाभावाची मैत्रीण. तोंडाने फटकळ, सगळ्या गावाला तिची दहशत.

"भिवा, आज गनपती आला ना रं?"

"हो मावशी."

"मंग आजच त्याला निरोप कनाला देतंस?"

"निरोप?"

"उजेर देवापासून निंगतो आनि टाकीकरं जातो. इसर्जनाला निंगाल्यावानी! लोकं कं बोलतान, भाएर येऊन आयीक."

पाठोपाठ गुणाजीशेठ आले. रागाने त्यांचा आवाज बारीक झाला होता. "भिवा, काढ ते लाटणं. पहिल्याच दिवशी अपशकून? साहेब, तुमचं कालचंच चालू द्या."

भिवाने जिभल्या तपासल्या. खट-खट तर देवाच्या दिशेनेच गेलं होतं. मग त्याने वर पाहिलं आणि त्याला उमगलं. बल्ब जिथे लावाल तिथेच दिसतो. हा उजेड दिसतो तो जिथे जाऊन पडेल तिथे. चंदूसाहेबांनी किरण एकमेकांना छेद देत तिरके सोडले होते. टाकीकडच्या पेटीचा किरण देवाच्या डोक्यावर, देवाजवळच्या पेटीचा टाकीवर. त्याने पेट्यांना नंबर दिले होते, उजेडाला नाही.

वीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती, असंही नव्हतं. झाली होती. पण दर वर्षी समोरच्या भेंडीच्या जुन्या डेरेदार झाडाखाली बायजा उभी असे. ती मागे येऊन सांगे, "उलटा धावतंय," "डावीकरची माल मेली," "आता बरा." तो मागेच बसून दुरुस्त करी. आपली रोषणाई समोरून कशी दिसते, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"शेठ, पाच मिनिटं," तो म्हणाला.

"आमदार कमानीत आलेत."

"मग चार."

गुणाजीशेठ काही बोलणार, तेवढ्यात गोदूबाई म्हणाली, "दे की रं गुन्या चार मिनटं. आमदार काय परून जातंय?" गावच्या शेठला 'गुन्या' म्हणणारी ती एकटीच उरली होती. शेठ पाय आपटत बाहेर गेले.

चंदूसाहेब घाईने म्हणाले, "मोटरच उलटी फिरवू!"

"नको. जिभल्या एका बाजूला कललेल्या आहेत. उलट फिरलं तर मुडपून जातील." भिवाने पकड उचलली. "आणि उशीर चौथ्याला पाहिजे. उलट फिरवलं तर तो पहिल्यालाच लागेल. वायरी बदला. एकची चारला, दोनची तीनला."

दोघांनी मिळून आठ टोकं सोडली, आठ बांधली.

शेवटचं टोक आवळत चंदूसाहेबांनी विचारलं, "चौथी पट्टी जास्त लांब ठोकलीत. मोजून?"

"बापाचा चौथा वाफा मोठा होता," भिवा म्हणाला. "भरायला वेळ लागायचा."

चंदूसाहेबांना ते कितपत कळलं, कोण जाणे. पण त्यांनी मोटरचं बटण स्वतःकडे ओढून घेतलं. "दादा, इथे मी बघतो. तुम्ही समोर जा. उलट दिसलं तर सांगायला कुणीतरी पाहिजे ना?"

आरती संपता संपता भिवा भेंडीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. बायजा उभी राहायची तिथली, बुंध्याजवळची थोडी जमीन टणक झालेली होती. तिथेच.

मैदानातले दिवे गेले. धूर पसरला. टाकीवर पहिला किरण उठला आणि पंख्यासारखा उलगडला. तो पुरता उलगडायच्या आत दुसरा उठला. मग तिसरा. अंधाराला घडी पडत जावी तसा उजेड डोक्यावरून सरकत होता. मग क्षणभर काहीच झालं नाही. हजार माणसं होती, पण एक मूल खोकलं नाही. सगळे चौथ्याची वाट बघत होते. आणि तो आला. मूर्तीच्या मुकुटावर येऊन थांबला, आणि मैदानभर एकच हुंकार उठला.

टाळ्या मागाहून पडल्या. भिवाने वाजवल्या नाहीत. त्याचे हात छातीशी जोडलेले होते, देवाला की कशाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला मिठागराचा खारा वास आल्यासारखा वाटला. वीस वर्षं हे असं दिसत होतं?

निघताना चंदूसाहेबांनी रोलर वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "पुढच्या वर्षी तो बॉक्स येईल, दादा. नुसती बटणं फिरवायची. ह्याची गरज पडणार नाही." मग जरा ओशाळून म्हणाले, "त्यात तिन्ही अंतरं सारखीच येतात म्हणे."

"सारखी बरी," भिवा म्हणाला. "चुकायला नको."

घरी बायजा जागीच होती. ओटीवर दिवा बारीक करून बसली होती.

"झाला? गोदू कवाची सांगून गेली. पयला निरोप देत व्हतास म्हने."

"हो."

"मंग?"

भिवा तिच्याजवळ बसला. सांगायला लागला, पण काठ्या, पंखे, धूर, एकही शब्द त्याला पुरेना. शेवटी त्याने तिचा हात मांडीवर घेतला, तळवा वर करून. तिच्या पहिल्या बोटाच्या टोकाला त्याने बोट टेकवलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

तो थांबला.

"चवथा ऱ्हायला," बायजा म्हणाली.

"थांब," भिवा म्हणाला. "तो थोडा उशिरा येतो."

हिरव्या फडक्याआड डोळे मिटून, हात तसाच उघडा ठेवून, ती वाट बघत राहिली.