न ऐकू आलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी बिनतारी घंटा आहे. बटण दूर कुठेतरी असते. कुणी ते दाबले की रेडिओलहर निघते, मला ती ऐकू येते आणि मी वाजते.

कारखान्यातून मला नमुना म्हणून तपासणीच्या खोलीत नेले. तिथल्या भिंतींना लहरी शोषून घेणारा टोकदार काळा स्पंज होता. तपासनीस बाईंनी मला विजेचे झटके दिले, माझ्याभोवती लहरींचा गोंगाट उठवला. शेवटी म्हणाल्या, "ही दुसऱ्या उपकरणांना लहरींचा त्रास देत नाही, आणि ठरलेल्या मर्यादेतला त्रास सोसतेही." माझ्या पाठीवर शिक्का बसला.

पुढे मी पाय अधू झालेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी आले. बटण त्यांच्या गळ्यात आणि मी मागच्या खोलीत, लेकीच्या शिलाई मशीनपाशी. मशीनच्या खडखडाटात त्यांची हाक पोचत नसे, माझी पोचे. चार वर्षे मी एकही हाक चुकवली नाही.

"ही आहे म्हणून मी निर्धास्त बसते," लेक शेजारणीला सांगायची. मी मनातल्या मनात सुखावायची.

मग लेकीने फुटपाथवरून मोबाइलचा चार्जर आणला. त्यावर ना बनवणाऱ्याचे नाव, ना तपासणीचा शिक्का. तो माझ्या शेजारी लागला आणि माझ्या कानात नुसती घरघर भरली. त्या दुपारी बाबांनी बटण दाबले. कितीदा दाबले, मला कळलेच नाही. शेवटी ते स्वतःच उठायला गेले आणि पडले. खुब्याचे हाड मोडले.

"अगं, किती वेळ दाबत होतो मी," ते कण्हत म्हणाले.

"वाजलीच नाही हो बाबा." लेकीने माझ्याकडे पाहिले. ती नजर मला सोसवेना. पण सांगणार कशी?

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात मी खणखणीत वाजले. घरी येताच पुन्हा बहिरी. असे दोनदा झाल्यावर तो स्वतः घरी आला. इकडेतिकडे पाहून त्याने चार्जर उपटला, बटण दाबले. मी वाजले.

"घंटेचा दोष नाही, ताई. हा चार्जर लहरींचा इतका गोंगाट करतो की हिला दुसरं काही ऐकूच येत नाही."

लेकीने तो चार्जर उचलून कचऱ्यात टाकला.

चार्जर गेला, पण बाबांचा माझ्यावरचा विश्वास काही परतला नाही. लेकीने मशीन त्यांच्या खाटेशी नेले आहे. चार टाके घालते आणि मान वर करून पाहते.

मित्रांनो, विजेची वस्तू घेताना तिच्यावर तपासणीचा शिक्का आहे का, तेवढे बघा. एकीच्या गोंगाटात दुसरी बहिरी होते, आणि आम्हाला तक्रार करता येत नाही. मी अजून कान देऊन असते. बटण खुंटीवर टांगलेले आहे.